शनिवारची पावडर आणि कमोडमध्ये गेलेल्या बारा गोळ्या

विचारलं आहे ते थोडक्यात असं: वय २९, पुण्यात आयटीत नोकरी. एचआयव्ही आहे. तीन वर्षांपासून सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) सेंटरची टीएलडी चालू, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत, रोज रात्री एक. व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) रिपोर्टवर सलग दोन वर्षं ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडला नाही. गेलं वर्षभर महिन्यातून दोन शनिवारी मित्रांकडे एमडी (नशेची पावडर), कधी पॉपर्स (नशेसाठी हुंगायचं द्रव), सोबत व्हायग्रा. ‘रिअ‍ॅक्शन नको’ म्हणून त्या आठवड्यात शुक्रवार, शनिवार, रविवार टीएलडी बंद. आता व्हायरल लोड ३,४०० आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.४ आलंय. सेंटरमध्ये बाटलीतल्या गोळ्या मोजतात, म्हणून उरलेल्या कमोडमध्ये टाकून मग जातो. गोळी आणि पावडर एकत्र गेली तर काय होईल? आणि हे डॉक्टरांना सांगितलं तर गोळ्या बंद करतील का, पोलिसांपर्यंत जाईल का?

आधी एवढंच वाचा: आज रात्रीची गोळी घ्या. येत्या शनिवारी काहीही ठरलं असलं तरी शनिवारचीही घ्या. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमचा व्हायरल लोड वर गेला तो गोळी आणि पावडर एकत्र आल्यामुळे नव्हे, गोळी बाजूला ठेवल्यामुळे. हिशेब करून बघा. गुरुवारी रात्री गोळी घेता, मग थेट सोमवारी रात्री. मधले तास ९६. टीएलडीमधलं मुख्य औषध डोल्युटेग्रॅव्हिर. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण १४ तासांत निम्मं होतं, पुढच्या १४ तासांत पाव, असं उतरत जातं. सोमवारी रात्रीपर्यंत ते मूळच्या शंभराव्या हिश्शाच्याही खाली गेलेलं असतं. टेनोफोव्हिर मात्र पेशींमध्ये जास्त दिवस रेंगाळतं. तीन पहारेकऱ्यांपैकी एकच जागा आणि तोही पेंगलेला, अशी ती अवस्था. विषाणूला अशाच वेळी वाढता वाढता औषधाला चकवायला शिकण्याची संधी मिळते. महिन्याला सहा, म्हणजे दोन महिन्यांच्या ६० गोळ्यांतल्या १२ गेल्या. पालन ८० टक्के झालं. सेंटरमध्ये ९५ टक्के मागतात ते छळायला नाही.

आता ‘रिअ‍ॅक्शन’. औषधांची विल्हेवाट लावण्यासाठी यकृतात वेगवेगळी एन्झाइम्स असतात, रेल्वे स्टेशनवरच्या तिकीट खिडक्यांसारखी. एमडी म्हणजे मेफेड्रोन प्रामुख्याने ज्या खिडकीवर जातं, तिथे डोल्युटेग्रॅव्हिर रांगेत नसतंच. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन तर मुख्यतः मूत्रपिंडातून जातात. त्यामुळे टीएलडीवर असलेल्या माणसात एमडीची थेट अशी मोठी टक्कर अपेक्षित नसते. याचा अर्थ एमडी सुरक्षित आहे असा अजिबात नाही. अर्थ इतकाच की गोळी थांबवून तुम्ही एमडीचा एकही धोका कमी करत नाही, उलट एचआयव्हीचा धोका फुकटात वाढवता.

पण हे वाचणारे सगळे टीएलडीवर नसतील. सेकंड लाइनवर (पहिली औषधं निकामी झाल्यावरच्या औषधांवर) असाल, म्हणजे अटाझानाविर, लोपिनाविर किंवा दारुनाविर चालू असेल, तर त्यासोबत रिटोनाविर असतं. खासगी डॉक्टरांकडच्या काही गोळ्यांत कोबिसिस्टॅट असतं. या दोघांचं कामच मुळी खिडकी बंद ठेवायचं आहे, मुख्य औषध रक्तात टिकावं म्हणून. मग त्याच खिडकीवर आलेलं दुसरं काहीही तुंबतं. केटामाइन (भुलीचं औषध, नशेसाठीही घेतात) तुंबतं, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या तुंबतात, व्हायग्रा तुंबतं. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या एका रुग्णाची हकिकत छापून आली होती. रिटोनाविर नुकतंच सुरू झालेलं, त्यात त्याने एक्स्टसी ही नशेची गोळी घेतली, आणि रक्तातलं एक्स्टसीचं प्रमाण अपेक्षेच्या कित्येक पट निघालं. तो वाचला नाही. एक्स्टसी, जीएचबी (गुंगी आणणारं नशेचं द्रव), केटामाइन यांच्यापैकी काहीही रिटोनाविरसोबत म्हणजे ‘नेहमीचाच डोस’ हा शब्द विसरा. इथेही एआरटी थांबवायची नसते. थांबवायचं ते दुसरं. आणि ते थांबत नसेल तर डॉक्टरांना सांगून रिटोनाविर नसलेल्या औषधांवर जाता येतं का ते विचारायचं.

तुमच्याबाबतीत मला एमडीपेक्षा जास्त धास्ती वाटते ती पॉपर्स आणि व्हायग्रा यांच्या जोडीची. पॉपर्स हे नायट्राइट. हुंगल्यावर मिनिटभरात रक्तवाहिन्या सैल पडतात. व्हायग्राही तेच करतं, फक्त तासन्‌तास. दोन्ही एकत्र आली की बीपी धाडकन खाली येतं. माझ्याकडचा एक रुग्ण, सेकंड लाइनवर, १०० मिलिग्रॅमची व्हायग्रा घेऊन बाथरूममध्ये गेला, पॉपर्सची बाटली नाकाला लावली आणि तोंडावर आपटला. पुढचे दोन दात तुटले, हनुवटीला सात टाके. शुद्धीवर आला तेव्हा नळ चालूच होता म्हणे. रिटोनाविरसोबत व्हायग्राचा डोस ४८ तासांत २५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कसं? व्हायग्रा त्याने केमिस्टकडून आणली होती आणि आमच्या कार्डवर तिचा उल्लेखच नव्हता.

याचीच एक पुढची पायरी आहे आणि ती प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. एमडी किंवा कोकेनवर छातीत दुखायला लागतं. हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात, अगदी तिशीतल्या माणसाच्याही. एचआयव्हीमुळे हृदयविकाराचा धोका मुळातच इतरांपेक्षा जास्त, त्यात ही भर. अशा वेळी आपल्याकडे पहिली गोष्ट काय होते? शेजारचे काका जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. सॉर्बिट्रेट म्हणजे नायट्रेट. पोटात व्हायग्रा असेल तर ती गोळी जीव घेऊ शकते. म्हणून कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिलं वाक्य ‘छातीत दुखतंय’, दुसरं ‘व्हायग्रा घेतलीय, इतक्या वाजता’, तिसरं ‘एमडी घेतलंय’. एमडी सांगणं यासाठी की हार्टसाठी एरवी सर्रास देतात त्या बीटा-ब्लॉकर गोळ्या अशा वेळी डॉक्टर सहसा टाळतात. लाज नंतर वाटून घेता येईल.

एमडीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण मुंबई-पुण्यात आता तेच सगळ्यात जास्त दिसतं. २०१५ साली ते एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं, पण थांबलं नाही. २०२४ मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीत पुणे पोलिसांनी शेकडो किलो पकडलं ते तुम्ही वाचलं असेल. म्हणजे माल कुठूनतरी परदेशातून येतो असंही नाही, इथेच शिजतो, आणि त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एमडीचा गुण असा की नाकाने ओढलं तर तासाभरात उतरतं आणि लगेच पुन्हा हवं असतं. एका ‘लाइन’वर कुणी थांबत नाही. रात्र संपते, दुसरा दिवस संपतो, जेवण नाही, झोप नाही, पाणी आठवत नाही. टीएलडी रात्री दहाला घ्यायची असते, पण रात्रीचे दहा कधी वाजले तेच कळलेलं नसतं. तुम्ही निदान ठरवून सोडता. बरेच जण विसरतात. परिणाम एकच.

तुमचं क्रिएटिनिन १.४. इथे घाईने घाबरू नका आणि घाईने दुर्लक्षही करू नका. डोल्युटेग्रॅव्हिर क्रिएटिनिनला लघवीत जाताना थोडं अडवतं, त्यामुळे आकडा ०.१ ते ०.२ ने वर दिसतो. किडनी त्यात बिघडलेली नसते. जिममध्ये क्रिएटिन पावडर घेत असाल तर अजून थोडा. पण टेनोफोव्हिरमुळे किडनीला खरोखरच इजा होऊ शकते, आणि सोमवारी अंग ठणकतं म्हणून तुम्ही डायक्लोफेनॅक घेत असाल तर ती इजा तुम्ही हाताने ओढवून घेताय. रात्रभर नाचून, घाम गाळून, पाणी न पिता शरीर तापलं की स्नायू अक्षरशः विरघळतात आणि त्यांचं प्रथिन किडनीत अडकतं. लघवी गडद चहासारखी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. तुम्ही पार्टीनंतर किमान पाच-सहा दिवसांनी, वेदनाशामक न घेता, क्रिएटिनिन पुन्हा करा. सोबत लघवीतलं प्रथिन आणि साखर, आणि सीपीके (स्नायूंना झालेली इजा दाखवणारी रक्ततपासणी). रक्तातली साखर नॉर्मल आणि लघवीत साखर, असं आलं तर टेनोफोव्हिरकडे बोट जातं.

आणि पाणी प्या म्हटलं की लोक एक्स्टसीवर चार-पाच लिटर साधं पाणी ढोसतात, तेही वाईट. रक्तातलं सोडियम पातळ होऊन फिट येऊ शकते. थोडं थोडं, शक्यतो ओआरएस.

रविवारची दुसरी गंमत. पोटात आग पडलेली असते, म्हणून लोक अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध पितात आणि लगेच टीएलडी घेतात. त्यातलं मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच पकडून ठेवतं. गोळी घेतली आणि न घेतल्यासारखी झाली. जिमवाल्यांच्या झिंक-मॅग्नेशियमच्या कॅप्सूलचंही तेच. टीएलडी त्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तास. मला विचाराल तर टीएलडी आणि नशेच्या जगातली ही सगळ्यात खरी ‘रिअ‍ॅक्शन’ आहे, आणि तिची भीती कुणालाच वाटत नाही.

केटामाइनबद्दल एक किस्सा. तपशील बदलले आहेत. तिशीतला माणूस, दर वीस मिनिटांनी लघवीला, जळजळ, कधी रक्त. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) चांगला. लघवीचं कल्चर तीनदा निगेटिव्ह. सोनोग्राफीत मूत्राशय आक्रसून लहान झालेलं. आपल्या देशात एचआयव्ही असलेल्या माणसाचं मूत्राशय आक्रसलं की डॉक्टरच्या डोक्यात एकच शब्द येतो, टीबी. माझ्याही आला. टीबीच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह येऊनही आम्ही उपचार सुरू करायच्या बेतात होतो. त्याला आत घेऊन कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी काउन्सेलरताईंनी विचारलं, तुम्ही ‘के’ घेता का? दोन वर्षं घेत होता. केटामाइन लघवीतून बाहेर पडताना मूत्राशयाचं अस्तर सोलून काढतं. बंद केल्यावर त्रास बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. टीबीचे उपचार सुरू झाले असते तर रिफॅम्पिसिनमुळे त्याला डोल्युटेग्रॅव्हिरचा रोज आणखी एक डोस लागला असता, सहा महिने, विनाकारण. तेव्हापासून मी लघवीची तक्रार आली की आधी ‘के’ विचारते.

याच्या उलटही घडतं आणि ते जास्त घातक. ताप, डोकं भयंकर दुखतंय, माणूस असंबद्ध बोलतोय, आणि मित्र म्हणतात ‘कमडाऊन आहे, झोपू द्या’. सीडी-४ कमी असलेल्या माणसात हे क्रिप्टोकोकल मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा बुरशीचा संसर्ग) असू शकतं, मेंदूतला टॉक्सो (परजीवीचा संसर्ग) असू शकतो, टीबीचा मेनिंजायटिस असू शकतो. नशा दोन-तीन दिवसांत उतरायला हवी. त्यापुढेही जे राहतं ते नशेच्या खात्यावर टाकू नका.

सुई वापरत असाल, म्हणजे तुमच्या वर्तुळातल्या भाषेत ‘स्लॅम’, तर प्रकरण निराळं. एमडी शिरेला जाळतं, गळू होतात, हृदयाच्या झडपेवर जंतू बसतात. हेपटायटिस सी तर सुईनेच काय, एकच चमचा किंवा एकच पाणी वापरल्यानेही पसरतो. चांगली बातमी ही की हेपटायटिस सी बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याच्या गोळ्या मोफत आहेत, बहुतेकांना १२ आठवडे पुरतात. पण पुन्हा होऊ शकतो, आणि एकदा झालेल्याची अँटिबॉडी कायम पॉझिटिव्ह राहते, म्हणून त्यानंतर आरएनए, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का, तपासावा लागतो. हेपटायटिस बी असेल तर आणखी एक गोष्ट: टीएलडीतली दोन औषधं त्यालाही दाबून ठेवतात. गोळी थांबली की यकृत भडकू शकतं. तुमची एचबीएसएजीची तपासणी सुरुवातीला झाली असेल, रिपोर्ट काढून बघा.

गर्द ओढणाऱ्यांची दुखणी वेगळी, तिथे फुप्फुस आणि टीबी आधी येतात आणि बुप्रेनॉर्फिनची गोळी रोज केंद्रात जाऊन घ्यायची सोय आहे. गांज्याबद्दल लोक फार विचारतात. टीएलडीशी त्याचं खास भांडण नाही, धुराचं फुप्फुसाशी आहे. जीएचबी आणि दारू एकत्र मात्र कधीच नाही. श्वास थांबतो, आणि बाजूच्याला वाटतं झोपलाय. माणूस हलवून उठत नसेल तर कुशीवर वळवा, १०८ लावा, एकटं सोडू नका.

मनाचं राहिलंच. मंगळवारी येणारा काळोख तुम्हाला माहीत असेल. दोन दिवसांत तो जात असेल तर वेगळं. पण एमडी सलग दोन-तीन दिवस घेणाऱ्यांना खिडकीखाली पोलीस दिसतात, फोन टॅप झालाय असं वाटतं, आणि काहींना ते नशा उतरल्यावरही दिसत राहतं. ज्याला आयुष्यात आधीच दोन गोष्टी लपवाव्या लागतात, त्याला तिसरी लपवणं जड जातं. जीव नकोसा वाटला तर मानसोपचार विभाग त्याच दिवशी, टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही उचलला जातो.

आणि एक अवघड गोष्ट. ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असताना तुमच्याकडून जोडीदाराला संसर्ग होत नव्हता. ३,४०० असताना तो भरवसा राहत नाही. गेल्या ७२ तासांत कुणाशी कंडोमशिवाय संबंध आला असेल आणि तो निगेटिव्ह असेल, तर त्याला पीईपी (संसर्ग टाळण्यासाठीच्या गोळ्या) मिळू शकते, पण तास मोजले जातात. व्हायरल लोड पुन्हा खाली येईपर्यंत कंडोम. स्वतःची सिफिलिसची तपासणीही करून घ्या, नशेच्या रात्रींनंतर मला ती वरचेवर पॉझिटिव्ह दिसते.

आता सांगायचं की नाही. गोळ्या बंद करणार नाहीत. नशा करतो म्हणून एआरटी नाकारायची नाही, अशीच रीत आहे. पण तुमची भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे. २००४ मध्ये सरकारी मोफत एआरटी सुरू झाली, त्यानंतर दोन वर्षांनी मी या कामात आले. तेव्हा दारू पिणाऱ्याला आम्ही ‘आधी सोडून ये, मग गोळ्या’ म्हणून परत पाठवायचो. मीही पाठवलंय. त्यांतले काही परत आले नाहीत, आणि जे आले ते खोटं बोलायला शिकून आले. ती सवय आम्ही लावली, आणि ती आता तुमच्या पिढीपर्यंत पोहोचली आहे. पोलिसांचं म्हणाल तर रुग्ण नशा करतो एवढ्यावरून डॉक्टर पोलिसांना फोन लावत नाही. तुमची एचआयव्हीची माहिती २०१७ च्या कायद्याने गोपनीय आहे. एनडीपीएस कायद्यातही स्वतःहून व्यसनमुक्तीच्या उपचाराला जाणाऱ्यासाठी संरक्षणाचं कलम आहे, ६४ अ. एक खरं सांगते: बेशुद्ध माणसाला कॅज्युअल्टीत आणलं तर एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद होऊ शकते. तरीही आणायचंच.

सेंटरमध्ये आता तुमचं ‘स्टेप-अप’ (गोळ्या नियमित घेण्यासाठीचं जादा) समुपदेशन होईल आणि तीन महिने नीट गोळ्या घेतल्यावर व्हायरल लोड पुन्हा करतील. डोल्युटेग्रॅव्हिर चिवट औषध आहे. बहुतेकांचा लोड नुसत्या नियमित गोळीने पुन्हा खाली जातो. पण खोट्या मोजणीवर तुम्ही ‘शंभर टक्के पालन’ दाखवलंत आणि लोड ३,४०० आला, तर डॉक्टर काय समजणार? औषध निकामी झालं. मग तपासण्या, कदाचित सेकंड लाइन, म्हणजे रिटोनाविर, म्हणजे वर लिहिलेल्या बंद खिडक्या. एमडी घेणाऱ्या माणसाला सगळ्यात नको तीच औषधं.

गोळी रात्रीची सकाळवर आणा, नाश्त्याबरोबर. डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोप उडते, तोही त्रास कमी होईल. शनिवारी बाहेर राहणार असाल तर दोन गोळ्या छोट्या डबीत खिशात. चुकली तर आठवेल तेव्हा एक, दोन एकदम नाहीत. आणि एमडी सोडायचं मनात असेल तर १४४४६ वर फोन करा, किंवा काउन्सेलरला सांगा. पहिल्याच प्रयत्नात सुटलं नाही तरी गोळी चालू ठेवूनच पुढचा प्रयत्न करायचा.

काउन्सेलरसमोर बसल्यावर सुरुवात कशी करायची ते सुचत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. काही बोलू नका. सेंटरची हिरवी वही ठेवा, शेजारी बाटली ठेवा, आणि उरलेल्या गोळ्या या वेळी बाटलीतच राहू द्या. त्या मोजतील आणि मग वर बघतील. तेव्हा फक्त ‘शनिवार’ म्हणा. आमच्या ताईंना तेवढं पुरतं.